ट्रंकेतली तिकिटं पाण्यात घालू नका

निलंग्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: जुना वाडा उतरवताना माळवदाखालच्या खोलीत आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आजोबा निजामाच्या अमलात तहसिलीत पेशकार होते. त्यांचे धाकटे भाऊ पलटणीत होते आणि १९७१ मध्ये पूर्वेकडच्या आघाडीवर गेले होते. ट्रंकेत निजामाची तिकिटं लावलेली बरीच पाकिटं आहेत, काही सुटी तिकिटं आहेत, ‘बांगला देश’ असं दोन शब्दांत छापलेला आठ तिकिटांचा संच आहे, पाकिस्तानी तिकिटांवर रबरी शिक्क्याने ‘बांगलादेश’ उमटवलेली काही आहेत, आणि ‘आझाद हिंद’ लिहिलेलं एक आहे. एका व्यापाऱ्याने सांगितलं की लढाईच्या मुलखातली तिकिटं लाखांत जातात, फक्त पाकिटावरून सोडवून स्वच्छ करून आणा. यातलं खरं किती, रझाकारांच्या धामधुमीत निजामाने वेगळं तिकीट काढलं होतं का, आणि तीन भावांत वाटणी कशी करायची?

वाटणीचं शेवटी बघू. आधी त्या व्यापाऱ्याचा सल्ला विसरा. एकही तिकीट पाकिटावरून सोडवू नका. शाळेत असताना आपण सगळ्यांनीच कोमट पाण्याच्या ताटलीत तिकिटं सोडवली आहेत, आणि रोजच्या साध्या तिकिटांना ते चालतंही. पण ज्या मुलखात सत्ता बदलत होती, तिथल्या तिकिटाचं महत्त्व कुठून कुठे गेलं, कोणत्या तारखेला गेलं आणि कुणाच्या हद्दीतून गेलं यात असतं. तो सगळा मजकूर पाकिटावर असतो: शिक्का, पत्ता, मागचा पोहोच-शिक्का. पाकिटावरून सोडवलेलं असं तिकीट म्हणजे फेरफाराची नोंद नसलेला सातबारा. कागद खरा असेल, पण त्यावरून काही सिद्ध करता येत नाही. स्वच्छ सुटी तिकिटं मागणारा व्यापारी बहुधा अल्बमवाल्या गिऱ्हाइकांना विकतो. तो फसवतोच असं नाही, पण त्याचा धंदा वेगळा आहे.

आता ‘लढाईच्या मुलखातली तिकिटं लाखांत जातात’ याबद्दल. वादातल्या प्रदेशात तिकीट दोन कामं करतं. एक, पत्र पोचवतं. दुसरं, ‘हा मुलूख आमचा’ असं सांगतं. पहिल्या कामासाठी निघालेली तिकिटं संग्राहकाला प्रिय असतात. फक्त दुसऱ्यासाठी निघालेली छापली भरपूर जातात, टपालात फारशी फिरत नाहीत, आणि म्हणून आज ती बाजारात पोत्याने मिळतात. पॅराग्वे आणि बोलिव्हिया यांच्यात चाको नावाच्या रखरखीत प्रदेशावरून १९३२ ते १९३५ लढाई झाली. त्याआधीपासूनच दोन्ही देश तिकिटांवर नकाशे छापून चाको आपल्यात दाखवत होते. पॅराग्वेने तर ‘होता, आहे आणि पॅराग्वेचाच राहील’ असं तिकिटावर लिहून टाकलं. गोष्ट मजेशीर, इतिहास महत्त्वाचा, पण ती तिकिटं विकून कुणी श्रीमंत झालेलं नाही.

नव्या सत्तेकडे छापखाना नसतो, वेळ नसतो, कागद नसतो. मग ती आधीच्या सरकारचा शिल्लक साठा उचलते आणि त्यावर आपलं नाव छापते. यालाच आपण ओव्हरप्रिंट म्हणतो. पहिल्या महायुद्धानंतर एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फ्यूमे बंदरावर इटली आणि नवं युगोस्लाव राज्य, दोघांनीही हक्क सांगितला. डिसेंबर १९१८ मध्ये तिथल्या इटालियन परिषदेने पोस्टात उरलेल्या हंगेरियन तिकिटांवर ‘फ्यूमे’ छापलं आणि विक्री सुरू केली. पुढच्या सप्टेंबरात दान्नुन्त्सिओ हा कवी शिपाई घेऊन शहरात शिरला आणि १९२० च्या तिकिटांवर त्याचं स्वतःचंच मस्तक झळकलं. कवीच्या हाती पोस्टखातं गेलं की काय होतं, ते त्या मालिकेत बघावं.

आपल्या माणसांच्या जवळचं उदाहरण मोसुलचं आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या भारतीय फौजेचं नाव इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स ‘डी’. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि तिचीच पुणे डिव्हिजन एप्रिल १९१६ मध्ये कुतला तुर्कांना शरण गेली होती. १९१९ मध्ये मोसुलला तुर्कांच्या महसुली तिकिटांवर ‘पोस्टेज, आय.ई.एफ. डी’ अशी अक्षरं आणि आण्यांत किंमत छापून ती टपालासाठी वापरात आणली गेली. तुर्की कागद, इंग्रजी अक्षरं, हिंदुस्थानी आणे! मोसुल कुणाचं हा वाद त्यानंतरही काही वर्षं राष्ट्रसंघापुढे चालूच होता.

पण ओव्हरप्रिंटची अडचणही इथेच आहे. सरकारला जे सोपं, ते लबाडालाही सोपं. मूळ तिकीट खरं आणि स्वस्त, त्यावर चार काळी अक्षरं उमटवायची, की दुर्मीळ माल तयार. १९१७ च्या ‘बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ ठशाच्या तिकिटांची नक्कल इतकी झाली आहे की प्रमाणपत्राशिवाय मी त्यांना हात लावत नाही. १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटन भागात चेक तिकिटांवर मारलेल्या जर्मन घोषणांचीही तीच कथा.

आता तुमची ट्रंक.

सगळ्यात मोलाची गोष्ट त्या निजामी पाकिटांत आहे, आणि नेमकी तीच व्यापाऱ्याने मोजली नाही. हैदराबाद संस्थानाचं पहिलं तिकीट १८६९ चं. पुढची ऐंशी वर्षं संस्थानाचं स्वतःचं टपालखातं चाललं. ही तिकिटं फक्त संस्थानाच्या हद्दीत चालत. बाहेर जाणारं पत्र इंग्रजांच्या, म्हणजे पुढे भारताच्या, पोस्टातून भारताचं तिकीट लावून जाई. तिकिटावर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी आणि तेलुगू अक्षरंही असत, म्हणून आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती परकी वाटत नाहीत. किंमत हाली सिक्क्यातली, म्हणजे निजामाच्या नाण्यातली. कलदारातली, म्हणजे इंग्रजी रुपयातली, नाही. सात हाली रुपयांना साधारण सहा कलदार हा हिशेब तुमच्या घरातल्या कुणा वृद्धाला अजून तोंडपाठ असेल.

१९३१ च्या चित्रमालिकेत मराठवाडा दोनदा आहे. आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मनोरा. बारा आण्यांच्या तिकिटावर बीदरचा मदरसा आहे, आणि तोही तुम्हाला परका नाही, कारण तेव्हा निलंगा बीदर जिल्ह्यातच होतं. आजोबा तहसिलीत होते, तेव्हा त्यांच्या पाकिटांतल्या काही तिकिटांवर उर्दूत ‘सरकारी’ असा ठसा असणार. तोही ओव्हरप्रिंटच, पण लढाईशी त्याचा संबंध नाही. सरकारी टपाल आणि खाजगी टपाल वेगळं ओळखू यावं यासाठी तो असे. ‘सरकारी’ बघून कुणी ‘रझाकार सरकारचं तिकीट’ म्हणून गळ्यात मारायला आला तर हसून सोडून द्या.

निजामाने त्या काळात वेगळं तिकीट काढलं का? लढाईचं असं एकही नाही. फेब्रुवारी १९४७ मध्ये सुधारित विधिमंडळाच्या निमित्ताने टाउन हॉलचं चित्र असलेलं एक आण्याचं तिकीट निघालं. त्यानंतर १९४७ ते १९४९ या वर्षांत तीन चित्रं आली: हैदराबादचं पॉवर हाउस, वरंगळच्या किल्ल्यातली काकतीय कमान आणि गोवळकोंडा. बाहेर काय चाललं होतं? नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, स्टेट काँग्रेसचा लढा, सोलापूर-बार्शीकडचे सरहद्दीवरचे कॅम्प, गावोगाव रझाकारांची दहशत. आणि पोस्टाच्या खिडकीवर विकलं जात होतं वीजघर आणि कमान. मला ही मालिका त्या सगळ्या घोषणाबाज तिकिटांपेक्षा जास्त बोलकी वाटते. राज्य हातातून निसटत असताना दरबार आपण किती स्थिर आहोत ते दाखवत होता. अर्थात तिकिटाची चित्रं ठरायला आणि ठोकळे तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे यात सगळंच जाणूनबुजून होतं असंही नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गात शिरली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. इथून पुढची गंमत फार थोड्या लोकांना ठाऊक असते. आपण वर पाहिलं तसं फ्यूमेत किंवा बगदादेत सत्ता बदलताच तिकिटांवर ठसा पडला. हैदराबादेत टपालाच्या तिकिटांवर तसा कोणताही ठसा पडला नाही. जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर म्हणून बसले, कचेऱ्यांवर तिरंगा आला, आणि पत्रांवर मात्र तीच जुनी, निजामाच्या ‘सरकार आसफिया’ची तिकिटं लागत राहिली. १ एप्रिल १९५० ला संस्थानाचं टपालखातं भारताच्या खात्यात विलीन झालं, तोवर दीड वर्ष हेच चाललं. म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या आधीचं आणि नंतरचं तिकीट सुटं हातात घेतलं तर एकच. फरक सांगतो तो फक्त शिक्का. हेच मी मघापासून सांगतोय. पाकीट भिजवलं की मुक्तिसंग्रामाच्या आदल्या महिन्यातलं पत्र आणि नंतरच्या दिवाळीतलं पत्र यांत काही फरक उरत नाही.

म्हणून ती पाकिटं तारखेने लावा. शिक्का उर्दूत असेल तर तो वाचू शकणारा माणूस निलंग्यात किंवा उदगिरात सहज मिळेल. पाकिटात कचेरीचे कागद असतील तर त्यांवर फसली सन, म्हणजे निजामाच्या कारभारातलं महसुली वर्ष, असेल. त्यात ५९० मिळवा, म्हणजे तो इसवी सनाच्या ज्या ऑक्टोबरात सुरू होतो ते वर्ष मिळतं. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ पासून पुढचं वर्ष, म्हणजे तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वर्ष.

यातलं काय शोधायचं ते सांगतो. एक, ऑगस्ट आणि सप्टेंबर १९४८ चे शिक्के असलेलं कोणतंही पाकीट. दुसरं, सरहद्द ओलांडून आलेलं पत्र. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, मनमाड अशा ठिकाणी गेलेल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पत्रावर भारताचं तिकीट असेल. १५ ऑगस्ट १९४८ ला भारताने गांधीजींची चार तिकिटं काढली, त्यांवर ‘बापू’ असं नागरीत आणि उर्दूतही आहे. दीड आण्याचं ‘बापू’ लावलेलं आणि पुढच्या चार आठवड्यांत निलंग्याला पोचलेलं एखादं पाकीट तुमच्या ट्रंकेत निघालं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून मला आधी त्याचा फोटो पाठवा. पुढचा आणि मागचाही. अशा पाकिटावरचं तिकीट स्वतः काही दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे तो प्रवास.

खोटं पाकीट ओळखायला स्थानिक माणसाला फार शिकावं लागत नाही. आपला भूगोलच साक्षीदार आहे. १९४८ च्या पाकिटावर ‘निलंगा, जि. उस्मानाबाद’ दिसलं तर थांबा, कारण निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. ‘जि. लातूर’ तर ऑगस्ट १९८२ च्या आधी असूच शकत नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधीच्या तारखेच्या पाकिटावर सहा आकडे दिसले की समजावं, कुणीतरी घाईत होतं. बाहेरगावचे नकलाकार या गोष्टींत हमखास चुकतात.

निजामाच्या सुट्या तिकिटांचं काय? एक आण्याचा चारमिनार आणि तसली नेहमीची तिकिटं लाखोंनी छापली गेली. त्यांचा भाव चहा-भज्यांच्या हिशेबात असतो. मुलांना अल्बम करायला द्या. त्यातून एखादं पोरगं या नादाला लागलं तर चांगलंच.

आता बांगलादेश. तुमच्या धाकट्या आजोबांनी हे कसं गोळा केलं असेल याचा अंदाज करता येतो. ‘बांगला देश’ दोन शब्दांत लिहिलेला आठ तिकिटांचा संच २९ जुलै १९७१ चा, म्हणजे देश अजून मिळायचा होता तेव्हाचा. बांगलादेशच्या मुजीबनगर इथल्या हंगामी सरकारने तो काढला. चित्रं बिमान मल्लिक यांची, जे इंग्लंडमध्ये राहत आणि ज्यांनी १९६९ मध्ये ब्रिटिश टपालखात्यासाठी गांधीजींचं तिकीट केलं होतं. छपाई लंडनला झाली. दहा पैशांपासून दहा रुपयांपर्यंत मिळून संचाची दर्शनी किंमत २१ रुपये ८० पैसे. तेव्हा टाका हे बांगलादेशचं चलन नव्हतं, म्हणून किंमत रुपयांत. नकाशा, ढाका विद्यापीठातला नरसंहार, साडेसात कोटी माणसं, तुटलेली साखळी, १९७० च्या निवडणुकीचा निकाल, शेख मुजीब, आणि शेवटच्या तिकिटावर सरळ आवाहन: बांगला देशला पाठिंबा द्या. प्रचार होता, आणि तो उघड होता. लंडन आणि कोलकाता इथे हा संच जगातल्या संग्राहकांना विकण्यासाठीच निघाला होता. त्यातून पैसा उभा राहणार होता आणि देशाचं नाव प्रत्येक अल्बममध्ये जाणार होतं.

म्हणजे वर सांगितलेल्या दोन कामांपैकी हा संच प्रामुख्याने दुसऱ्या कामाचा. कोरा संच सहज मिळतो आणि महाग नसतो. त्याला लाखांत कुणी मोजणार नाही. पण सीमेजवळच्या मुक्त भागातून खरोखर निघालेलं, पत्ता, शिक्का आणि आत पत्र असलेलं पाकीट वेगळं. आठही तिकिटं एका ओळीत लावलेलं, वर सुबक शिक्के, आत काहीच नाही, असं पाकीट मात्र संग्राहकासाठीच बनवलेलं असतं. खरं पत्र टाकणारा माणूस पोस्टाला गरजेपेक्षा एक पैसाही जास्त देत नाही.

रबरी शिक्क्यांच्या पाकिस्तानी तिकिटांचा मामला याच्या अगदी उलट आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरणागती झाली. पोस्टात साठा होता तो पाकिस्तानी तिकिटांचा. लंडनहून नवी मालिका येईपर्यंत टपाल थांबवता येत नव्हतं. म्हणून ठिकठिकाणच्या पोस्टमास्तरांनी स्वतःच शिक्के करून घेतले. कुणी रबराचे, कुणी लाकडाचे, कुणी बंगाली अक्षरांचे, कुणी इंग्रजी, कुणी दोन्ही. प्रत्येक गावचा ठसा निराळा. हा प्रकार १९७३ पर्यंत चालला. इथे कुणी प्रचार करत नव्हतं. पत्र जायला हवं होतं, इतकंच. माझ्या मते युद्धाचं खरं टपाल हे आहे, आणि त्या आठ रंगीत तिकिटांपेक्षा मला हे ओबडधोबड शिक्के जास्त आवडतात.

पण सुटी असतील तर फार अपेक्षा ठेवू नका. रबरी शिक्का कुठल्याही बाजारात अर्ध्या तासात बनतो, आणि जुनी पाकिस्तानी तिकिटं किलोने मिळत होती. कोऱ्या तिकिटावरचा ठसा खरा की नंतरचा, हे अनुभवी माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. वापरलेल्या तिकिटाची एक साधी परीक्षा मात्र घरी करता येते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीशी बसा, तिकीट तिरकं धरा. आधी ‘बांगलादेश’चा ठसा बसला, मग तिकीट विकलं गेलं, मग पोस्टाचा शिक्का पडला, असा क्रम असतो. म्हणजे जिथे दोन्ही शाया एकमेकींवर येतात तिथे पोस्टाच्या शिक्क्याची शाई वर हवी. ठशाची शाई शिक्क्याच्या वर चढलेली दिसली, तर तो ठसा नंतर मारला आहे. रबरी शाई पातळ असते, कधी कधी दोन्ही मिसळून जातात. तिथे हट्ट न करता ‘सांगता येत नाही’ अशा ढिगात टाकावं. ही परीक्षा फ्यूमेपासून बगदादपर्यंत सगळ्या ओव्हरप्रिंटना लागू आहे.

तुमच्या ट्रंकेत बहुधा आणखी एक गोष्ट असेल, जी तुम्ही लिहिली नाही कारण ती फार ओळखीची वाटली असेल. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत भारतात पोस्टकार्डं आणि वर्तमानपत्रं सोडून बाकी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असं छापून काम भागवलं, आणि काही ठिकाणी तर स्थानिक ठसे मारले. डिसेंबरात खास निर्वासितांचं चित्र असलेलं तिकीट आलं. पूर्व बंगालमधून आलेल्या कोटीभर माणसांसाठी निलंग्यातल्या माणसानेही आंतरदेशीय पत्रामागे पाच पैसे दिले, त्याचा हा पुरावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली, स्थानिक ठसा असलेली पाकिटं मिळाली तर वेगळी काढा. आणि १९७१-७२ चे फौजी टपालाचे लिफाफे, ज्यांवर ५६ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो, ते टाकू नका. त्यांवर बहुतेकदा तिकीटच नसतं, म्हणून घरोघरी लोक ते रद्दीत देतात. तुमच्या ट्रंकेतली युद्धाशी सगळ्यात थेट नातं सांगणारी वस्तू कदाचित तोच बिनतिकिटाचा लिफाफा असेल.

‘आझाद हिंद’ तिकिटाबद्दल थोडक्यात. ती १९४३ मध्ये बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली. नांगर धरलेला शेतकरी, सूत कातणारी बाई, जखमी सैनिक आणि परिचारिका, तुटलेली साखळी अशी चित्रं आहेत. ती कधीच टपालात आली नाहीत. १९४४ मध्ये इंफाळ हातात आल्यावर वापरायची म्हणून वेगळी तिकिटं छापून ठेवली होती, पण इंफाळ पडलं नाही आणि तीही तशीच राहिली. त्यामुळे यांवर पोस्टाचा शिक्का दिसला तर आनंदित होऊ नका, संशय घ्या. बर्लिनची छोट्या किमतीची तिकिटं शिल्लक साठ्यातून नंतर बाजारात भरपूर आली. एक रुपया अधिक दोन रुपये अशी किंमत असलेलं मोठं तिकीट असेल तरच ते तज्ज्ञाला दाखवण्याजोगं. बाकीचं नेताजींची आठवण म्हणून ठेवा, किंमत विचारूही नका.

आता जपणूक. उन्हाळ्यात आपल्याकडे कागद करकरीत वाळतो आणि पावसाळ्यात गोंद चिकटतो. कोऱ्या तिकिटांचा संच मागून गोंदासकट अल्बमच्या पानाला बसला तर गेलाच. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर काढा. जुन्या कागदांना लावलेल्या लोखंडी टाचण्याही काढा, त्यांचा गंज पाकिटातून आरपार जातो. ओढून नाही, वाकवून सोडवा. सेलोटेप लावू नका. आणि लॅमिनेशनच्या दुकानाकडे तर फिरकूही नका. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रापासून देवाच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची हौस आहे, आणि तिने या भागातली किती पाकिटं बाद केली त्याची मोजदाद नाही. आम्लविरहित कागदाचे साधे लिफाफे आणि पुठ्ठ्याचा खोका पुरेसा आहे. पाकिटांबद्दल काही लिहायचं असेल तर पेन्सिलने, आणि तेही वेगळ्या चिठ्ठीवर.

विकायचं असेल तर आधी प्रत्येक पाकिटाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, मग किमान दोघा-तिघांना दाखवा. त्यांत एक तरी टपाल-इतिहासाचा संग्राहक असावा, निव्वळ तिकिटांचा व्यापारी नव्हे. जो फक्त तिकीट बघतो आणि पाकीट उलटून मागची बाजू बघत नाही, त्याच्याशी भाव ठरवू नका.

वाटणीचं. सुटी तिकिटं, बांगलादेशचा संच आणि आझाद हिंदचं तिकीट तिघांत कसंही वाटा, त्याने काही बिघडत नाही. निजामी पाकिटं मात्र वाटू नका. एका माणसाला, एका तहसिलीत, एका उलथापालथीच्या वर्षात आलेला पत्रव्यवहार म्हणून ती एकत्र असली तरच त्यांना अर्थ आहे आणि भावही. ती ज्याच्याकडे राहतील त्याने बाकी दोघांना त्यांच्या वाट्याचे पैसे द्यावेत. धाकट्या आजोबांचे फौजी लिफाफे सापडले तर तेही त्यांच्या पत्रांसकट एकाच घरात ठेवा, पत्र एकीकडे आणि लिफाफा दुसरीकडे असं होऊ देऊ नका.